आप्पांचा ओटला, फुकटचा वकील आणि काकांची नोकरी

मंडळी, इंदूरच्या मराठी घरांबद्दल आपण इथे बरंच लिहितो. होळकरांचा काळ, गणपती, शाळा, नाटकं, सराफ्यातलं खाणं. पण यातली बहुतेक घरं उभी राहिली ती नोकरीवर. कोणी मिलमध्ये, कोणी कचेरीत, कोणी वर्कशॉपात. त्या नोकरीत असताना घरातल्या कर्त्या माणसाचा हात, पाय किंवा डोळे गेले तर पुढे काय व्हायचं, कोर्टकचेरीचा खर्च कुठून यायचा, हे आपण फारसं लिहीत नाही. घरात बोलतो तेही हळू आवाजात. आज तेच लिहिते आहे. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

मिलचा काळ: बोटाचा भाव

आमचे आजोबा मिलमध्ये होते. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, भंडारी ही नावं तेव्हा भोंग्यांवरून ओळखली जायची. मालवा मिल चौराहा तर आजही पत्त्यात आहे. कापूस पिंजणाऱ्या खात्यात आणि मागावर बोटं जाणं ही ऐकिवातली गोष्ट नव्हती. आजोबांच्या पंगतीला बसणाऱ्यांत दोनतीन जण तरी चार बोटांनी जेवणारे होते, असं वडील सांगायचे.

अशा माणसासाठी एक कायदा होता. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला, १ जुलै १९२४ पासून लागू झाला, आणि संस्थानं विलीन झाल्यावर आपल्याकडेही आला. त्याला एक परिशिष्ट जोडलेलं होतं. अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. कमावण्याची ताकद किती गेली त्याचे हे टक्के, आणि त्यावरून रक्कम ठरायची. पुढे १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला. त्याने दवाखाना दिला, अपंगत्वाचं मासिक वेतन दिलं.

दोन्ही कायदे चांगलेच होते. पण दोन्हींचा प्रश्न एकच होता: पैसे किती? चार बोटांचा माणूस उद्या कामावर येणार की नाही, हे कोणीच विचारलेलं नव्हतं. मालकाने ठेवला तर ठेवला. मुकादम भला असेल तर झाडलोटीला, पहाऱ्याला लावायचा. ती मेहरबानी. हक्क नव्हे.

आणि वकील? मिल कामगाराचा वकील म्हणजे युनियन. इंदूरमध्ये इंटकच्या बाजूला वि. वि. द्रविडांसारखे पुढारी होते, लाल झेंड्याच्या बाजूला होमी दाजी. दाजी स्वतः वकील होते आणि १९६२ साली इंदूरमधून लोकसभेवर निवडून गेले. वर्गणीची पावती हेच त्या कामगाराचं वकीलपत्र. लेबर कोर्टात युनियनचा माणूस कामगाराच्या वतीने उभा राहू शकतो, वकीलच पाहिजे असं नाही, हे आमच्या आजोबांना चांगलं माहीत होतं.

मग मिल बंद पडत गेल्या. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद झाली आणि कामगारांच्या थकबाकीचा प्रश्न सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. ३२ वर्षं लढा चालू ठेवला ही युनियनची कमाई खरी. पण ते पैसे पाहायला कितीतरी कामगार राहिले नव्हते. माणसाच्या आयुष्याला कोर्टाचं माप लागत नाही. आणि मिलबाहेरच्या माणसाकडे, कचेरीतल्या कारकुनाकडे, छोट्या कारखान्यातल्या पोऱ्याकडे, ती पावतीसुद्धा नव्हती.

फुकट वकील ही कल्पना आली कुठून

गरिबाला वकील मिळवून द्यायची खटपट आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत १९२४ साली बॉम्बे लीगल एड सोसायटी निघाली. १९४९ साली मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवतींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यांचे चिरंजीव पी. एन. भगवती पुढे सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश झाले. गुजरातेत आणि नंतर देशपातळीवर कायदेविषयक मदतीच्या कामात ते आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ही दोन नावं सतत भेटतात. साध्या पत्रालाही याचिका मानायची, हा पायंडा पडला तो याच पिढीच्या न्यायाधीशांमुळे.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ३९-अ हे कलम आलं: पैशाअभावी कोणी न्यायाला मुकू नये, यासाठी राज्याने मोफत कायदेशीर मदत द्यावी. मध्य प्रदेशानेही त्याच वर्षी दुर्बल वर्गांसाठी विधिक सहायतेचा स्वतःचा कायदा केला. मग १९८७ चा विधिक सेवा प्राधिकरण कायदा झाला. तो प्रत्यक्षात लागू व्हायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. म्हणूनच ९ नोव्हेंबर हा विधिक सेवा दिवस.

आता एक योग पाहा. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ७ फेब्रुवारी १९९६ ला, अपंग व्यक्तींसाठीचा १९९५ चा कायदा लागू झाला. त्यातली दोन कलमं आमच्या घराच्या दृष्टीने फार मोठी निघाली.

कलम ४७ म्हणतं की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला काढून टाकता येणार नाही, त्याचा दर्जाही उतरवता येणार नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारश्रेणीत दुसरं काम द्या. दुसरी जागा नसेल तर मिळेपर्यंत, किंवा निवृत्तीपर्यंत, त्याच्यासाठी जादाची जागा तयार करून त्याला ठेवा.

दुसरं कलम ७४. याने विधिक सेवांच्या कायद्यातलं १२ वं कलम बदललं आणि अपंग व्यक्तीला मोफत वकिलाची हक्कदार म्हणून नव्याने लिहिलं. उत्पन्न किती, हा प्रश्न तिथे नाही. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतली माणसं आणि औद्योगिक कामगार यांनाही याच कलमाने तो हक्क आहे.

म्हणजे नोकरी टिकवायचा हक्क आणि त्यासाठी भांडायला फुकट वकील, दोन्ही एकाच कायद्याने एकाच दिवशी हातात ठेवले. आमच्या घरात हे कळायला पावणेपाच वर्षं लागली.

काकांची फाइल

माझे धाकटे काका एका सरकारी उपक्रमाच्या वर्कशॉपात टर्नर होते. कोणत्या, ते लिहीत नाही. त्यांना काचबिंदू झाला. काचबिंदू चोरपावलांनी येतो. आधी कडेचं दिसेनासं होतं आणि माणसाला वाटतं, अंधार पडला असेल. २००० साली दिवाळीच्या आधी लेथवर दोनदा माप चुकलं, तेव्हा तपासणी झाली. शेरा आला, ‘कार्य हेतु अयोग्य’. वय ४७. अकरा वर्षं नोकरी बाकी. घरात दोन मुली शिकणाऱ्या.

बडे बाबूंनी काकांना बोलावून प्रेमाने खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि पुढे एक कागद ठेवला. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. ‘भैया, इसमें आपका ही फायदा है।’ काका कागद घरी घेऊन आले.

“दादा, सही करून टाकतो,” ते माझ्या वडिलांना म्हणाले. “हातात काही पैसे तरी येतील. उगाच अपमान करून काढतील त्यापेक्षा.”

वडील म्हणाले, “आज नको. उद्या आप्पांना दाखवू.”

आप्पा म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त पेशकार. उभी हयात कोर्टात तारखा लावण्यात गेलेली. संध्याकाळी ओटल्यावर पाट टाकून बसायचे आणि गल्लीभराचे अर्ज लिहून द्यायचे. पेन्शनचे, नळाचे, शाळेच्या फीमाफीचे. पैसे घेत नसत, चहा घेत. त्यांनी कागद वाचला आणि पहिला प्रश्न केला, “सही केली नाहीस ना?”

“नाही.”

“मग करू नको. स्वेच्छा म्हणजे स्वतःची इच्छा. एकदा लिहून दिलंस की तुझीच इच्छा होती असं झालं. मग कोर्टात जाऊन सांगणार काय? आणि हा कागद परत देऊ नको, जपून ठेव.”

काकांच्या अकरा वर्षांची जी लढाई झाली, तिचा अर्धा निकाल त्या ओटल्यावर लागला असं मी मानते. आप्पा वकील नव्हते. कलम ४७ त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण कोणत्या कागदावर सही करायची नाही, हे त्यांना कळत होतं.

आधी आम्ही ओळखीच्या वकिलांकडे गेलो. पाच हजार सुरुवातीचे आणि पेशीगणिक वेगळे. त्यांची मागणी गैर नव्हती. पण काकांची रजा संपून पगार थांबलेला, काकूंनी बांगडी मोडायची भाषा सुरू केलेली. तेव्हा आप्पाच म्हणाले, “जिल्हा कोर्टात विधिक सहायतेचं ऑफिस आहे. स्त्रिया, हरिजन, अपंग यांना वकील देतात. विचारून तर या.”

काकूंचा विरोध होता. “फुकटचा वकील कसला मन लावून काम करील?” ही शंका आजही मी घरोघर ऐकते. ती अगदी निराधार आहे असं नाही. नेमून दिलेले पहिले वकील दोन तारखांना आलेच नाहीत. पण वकील बदलून मागता येतो, हे त्या ऑफिसातल्याच एका बाबूंनी सांगितलं. आम्ही अर्ज दिला. प्रकरण हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात न्यायचं ठरलं, तिथे विधिक सेवेची वेगळी समिती आहे. तिने दिलेल्या वकीलबाई वयाने माझ्याहून जेमतेम पाचसहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी फाइल चाळली आणि विचारलं, “इन्होंने सेवा में रहते हुए दृष्टि खोई है न? तो धारा ४७ देखिए।” काकांनी त्या कलमाचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते त्या दिवशी.

पुढची अडीच वर्षं माझं काम वाचनाचं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते. शपथपत्र, उत्तर, प्रत्युत्तर, सगळं कोर्टाच्या हिंदीत. ‘अभ्यावेदन’, ‘निरस्त’, ‘प्रतिकूल’ असले शब्द आमच्या मराठी घरात कोणी बोलत नसे. मी हिंदी वाचायची आणि मराठीत सांगायची. एकदा टायपिस्टच्या दुकानात तो म्हणाला, “बस यहाँ अंगूठा लगवा दो।” काका म्हणाले, “मला ऐकू येतं. आधी वाच.” सात पानं मी तिथे उभ्याने वाचली. मग काकांनी सही केली. पट्टी आडवी धरून, तिच्या कडेने, पूर्वीसारखीच झोकदार.

ऑफिसचं म्हणणं होतं की या माणसाला दिव्यांवरच्या, यंत्रावरच्या कोणत्याच जागेवर बसवता येत नाही, आणि वैद्यकीय कारणाने निवृत्ती घेतली तर पेन्शन मिळतेच की. तारखा पडत गेल्या. अशात १३ फेब्रुवारी २००३ ला सर्वोच्च न्यायालयाचा कुणाल सिंह प्रकरणातला निकाल आला. हा एसएसबीमधला शिपाई. नोकरीत असताना पायाला इजा झाली, पाय कापावा लागला, आणि त्याला अपात्र ठरवून घरी पाठवलं. खाली तो हरला होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कलम ४७ बंधनकारक आहे, आणि अपात्रतेची पेन्शन दिली म्हणून कलम ४७ चं संरक्षण नाकारता येत नाही.

काकांच्या ऑफिसचा मुख्य मुद्दा नेमका तोच होता. वकीलबाईंनी निकालाची झेरॉक्स जोडली. त्या उन्हाळ्यात आदेश झाला. काकांना त्याच पगारश्रेणीत टेलिफोन बोर्डावर आणि चौकशीच्या खिडकीवर बसवलं. थकलेला पगार हप्त्याहप्त्याने मिळाला. सगळ्या विस्तार-क्रमांकांची यादी त्यांनी आठवडाभरात पाठ केली होती. निवृत्तीपर्यंत ते तिथेच होते. ज्या बाबूंनी चहा पाजून कागद पुढे केला होता, त्यांचा फोनही काकाच जोडून द्यायचे.

काकूंची एक वही आहे. त्यात या प्रकरणाचा सगळा खर्च लिहिलेला आहे. वकील: शून्य. कोर्ट फी: शून्य. नोटरी, फोटो, झेरॉक्स, मेडिकल बोर्डासाठी रिक्षा, भोपाळला निःशक्तजन आयुक्तांकडे दोन खेपा, डबे, सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आसपास. कायद्याप्रमाणे टायपिंग आणि नकलांचा खर्चही मदतीतच येतो, तो मागायचा असतो. खरा खर्च त्या वहीत नाही. पगाराविना गेलेले महिने, मोठ्या मुलीचं वर्षभर थांबलेलं शिक्षण, आणि रात्री जागे राहणारे काका.

पीथमपूरची गोष्ट वेगळी का झाली

ही गोष्ट ऐकून लोक खूश होतात, म्हणून दुसरीही सांगितली पाहिजे. माझा एक मावसभाऊ पीथमपूरला खाजगी कारखान्यात प्रेसवर होता. काकांच्या निकालानंतर दहाएक वर्षांनी त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. विम्याकडून उपचार झाले, कायमच्या अपंगत्वाचं वेतन सुरू झालं. कारखान्याने सांगितलं, “अब तुम्हारे लायक काम नहीं है।”

तो काकांची फाइल घेऊन विधिक सहायतेकडे गेला. तिथे कळलं की कलम ४७ मधली ‘आस्थापना’ म्हणजे सरकार, महामंडळं, स्थानिक संस्था, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्था. खाजगी कारखाना त्यात नव्हता. एकाच शहरात, एकाच घराण्यात, एकाचे डोळे गेले तर नोकरी राहते आणि दुसऱ्याची बोटं गेली तर जाते. फरक फक्त मालक कोण याचा.

मोफत वकिलाचा हक्क मात्र त्यालाही होता. अपंग म्हणून होता आणि औद्योगिक कामगार म्हणूनही. शेवटी लेबर कोर्टात युनियनचे एक म्हातारे कार्यकर्ते त्याच्या वतीने उभे राहिले. तडजोड झाली. पैसे मिळाले, नोकरी मिळाली नाही. आता तो स्टेशनरीचं दुकान चालवतो. बरा चाललाय. पण “मी मशीन चांगली चालवायचो” हे तो वर्षातून एकदा तरी म्हणतोच.

नवा कायदा, अर्धी भिंत

२०१६ साली नवा कायदा झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. आधीच्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ झाले. जुनं ४७ वं कलम आता २० व्या कलमात आलं, पण नोकरी न घालवण्याची ती हमी अजूनही सरकारी आस्थापनांपुरतीच आहे. ती भिंत उभीच आहे.

तरी भिंतीला खिडक्या पडल्या. कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने, खाजगीसुद्धा, समान संधीचं धोरण जाहीर करायचं आहे. ते आयुक्तांकडे नोंदवायचं आहे. खाजगी कंपनीशी बोलताना पहिला प्रश्न हाच विचारावा: तुमचं धोरण दाखवा. सरकारी कार्यालयात तक्रार निवारण अधिकारी असायलाच हवा. आणि ‘वाजवी सोय’ हा शब्द कायद्यात आला. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तळमजल्यावरचं टेबल, कामाच्या वेळेत थोडा फेर, अशी बेताची सोय नाकारणं हाच भेदभाव धरला जातो. २०२१ साली विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे नीट उलगडून सांगितलं. काकांच्या वेळी हा शब्द असता तर लेथ ते टेलिफोन हा प्रवास अडीच वर्षांचा झाला नसता.

अलीकडच्या दोन गोष्टी आपल्या मंडळींना मुद्दाम सांगते. एक आपल्या मध्य प्रदेशची. इथल्या न्यायिक सेवेच्या नियमांत अंध उमेदवारांना न्यायाधीश होण्यापासून वगळणारा नियम होता. अशाच एका उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. त्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण स्वतःहून दाखल करून घेतलं आणि ३ मार्च २०२५ ला तो नियम रद्द झाला. एका आईचं एक पत्र.

दुसरी हैदराबादच्या मंडळींसाठी. तेलंगण राज्य परिवहनाच्या एका बस ड्रायव्हरला रंगांधळेपणामुळे काढलं होतं. रंगांधळेपणा अपंगत्वाच्या यादीत नाही, म्हणजे कायद्याची दारं जवळपास बंद. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला दुसरं काम द्यायला सांगितलं. आधार कशाचा? १९७९ साली कामगार संघटनांबरोबर झालेल्या जुन्या कराराचा, ज्यात रंगांधळ्या ड्रायव्हरांना पर्यायी काम देण्याचं कबूल केलेलं होतं. कोणीतरी तो कागद जपून ठेवला होता.

ज्यांना आज लागेल त्यांच्यासाठी

या पोस्टखाली कोणी ना कोणी विचारणारच, म्हणून थोडक्यात लिहिते.

स्वेच्छानिवृत्ती, राजीनामा, ‘काम जमत नाही’ असलं काहीही लिहून देऊ नका. वेळ मागा, कागद घरी आणा.

प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड आधी काढा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

जिल्हा न्यायालयात जिल्हा विधिक सेवा प्राधिकरण असतं. तिथला अर्ज मोफत असतो. अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अट नाही. फोनवर विचारायचं तर १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. वकील येत नसेल तर बदलून मागा.

दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करायला वकील लागत नाही आणि फीही लागत नाही. त्यांची शिफारस मिळालेल्या कार्यालयाला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. मानणार नसतील तर कारण द्यावं लागतं. ते कारण पुढे कोर्टात फार कामी येतं.

सरकारी नोकरीत असाल तर रिक्त पदांची यादी माहिती अधिकारात मागवा. १० रुपयांत ‘जागाच नाही’ या उत्तराची परीक्षा होते.

कामगार असाल आणि जवळपास युनियन असेल, तर जुन्या करारांची चौकशी जरूर करा.

शब्द बदलत गेले. आजोबांच्या वेळी ‘लुळा-पांगळा’, काकांच्या फाइलवर आधी ‘विकलांग’, मग ‘निःशक्त’, आता ‘दिव्यांग’. शब्द मऊ झाला म्हणून बडे बाबूंचा कागद मऊ झालेला नाही. मागच्याच महिन्यात आमच्या ओळखीच्या एका मुलीपुढे असाच एक कागद आला. गुळगुळीत, कंपनीचं छापील नाव असलेला. तिने सही केली नाही. तिची फाइल सध्या विधिक सेवा प्राधिकरणात आहे, आणि तिच्याबरोबर जाऊन कागद वाचायचं काम मी करते आहे.

आपल्यातल्या कोणाच्या घरी बेळगाव, ग्वाल्हेर, बडोदे किंवा हैदराबादकडची अशी जुनी फाइल असेल, नुकसानभरपाईचे हिशोब असतील, युनियनचे करार असतील, तर ते रद्दीत देऊ नका. फोटो काढून ठेवा आणि हकीकत इथे लिहा. नावं नका लिहू. साल, काम, काय झालं आणि मदत कोणाची मिळाली, एवढं पुरे.